ऊतिसंवर्धित केळी आणि रावेरची यशोगाथा : एक चिकित्सा

प्रस्तावना
जैवतंत्रज्ञान उद्योगाच्या वाढीची चर्चा करताना इस्रायलसारख्या लहान देशाचा दाखला वारंवार दिला जातो. जळगाव जिल्ह्याचा या दाखल्याशी थेट संबंध आहे. १९९०च्या दशकात ‘ग्रँड नैन’ हा केळीचा वाण इस्रायलमधून येथे आला व जैन इरिगेशनने ऊतिसंवर्धनाद्वारे त्याच्या रोपांचा प्रसार केला. प्रस्तुत लेखात या यशोगाथेची चिकित्सा रावेर तालुक्याच्या संदर्भात केली आहे.

यशाची बाजू
पूर्वी बसराई, श्रीमंती या वाणांची लागवड कंदांपासून होई. कंदांचे वय व वजन असमान असल्याने बागेची कापणी लांबत असे. ऊतिसंवर्धित रोपे एकसारखी वाढतात. ठिबक सिंचनाची जोड मिळाल्यास अकरा ते बारा महिन्यांत घड हाती येतो. हे यश निर्विवाद आहे.

मर्यादा
तथापि, एकसारखेपणा हाच या तंत्राचा गुण आणि हाच त्याचा धोका होय. एका मातृवृक्षापासून असंख्य रोपे तयार होतात. मातृवृक्षात विषाणू असल्यास तो रोपांतही उतरू शकतो. प्रयोगशाळेतील निर्जंतुकीकरणाने बुरशी व जिवाणू दूर होतात, पेशीतील विषाणू नव्हे. त्यासाठी स्वतंत्र विषाणू-तपासणी लागते. याच हेतूने केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये ऊतिसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण व्यवस्था सुरू केली.

२०२० मध्ये रावेर, यावल परिसरात कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे, म्हणजेच ‘हरण्या’ रोगामुळे, शेतकऱ्यांना उभ्या बागा उपटाव्या लागल्या. हा विषाणू मावा किडीमार्फत काकडीवर्गीय पिकांवरूनही पसरतो. त्यामुळे सर्व दोष रोपांवर टाकणे शास्त्रीय ठरणार नाही. परंतु रोग नेमका रोपातून आला की शेजारच्या शेतातून, हे ठरविण्याचे साधन शेतकऱ्याच्या हाती नसते. रोप हिरवेगार दिसते; लक्षणे लागवडीनंतर उमटतात. रोप बदलून मिळाले, तरी गेलेला हंगाम परत मिळत नाही.

निष्कर्ष
उद्योगाची वाढ विकलेल्या रोपांच्या संख्येवर मोजण्याची प्रथा म्हणूनच अपुरी आहे. रोपाच्या पावतीवर मातृवृक्षाची नोंद, तुकडी क्रमांक व तपासणीचा दाखला असावा आणि तपासणीतील त्रुटीची जबाबदारी निश्चित व्हावी. नफा प्रयोगशाळेचा आणि जोखीम बांधावरची, ही विभागणी कायम असेपर्यंत रावेरची यशोगाथा अपूर्णच म्हणावी लागेल.