अभंग आणि गेलिक स्तोत्रगायन : मराठी ख्रिस्ती उपासनासंगीताविषयी एक पुनर्विचार

मराठी ख्रिस्ती उपासनासंगीताची चर्चा आपल्याकडे बहुधा ‘देशी’ आणि ‘विलायती’ अशा दोन कप्प्यांत होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे अभंग आणि कृष्णराव रत्नाजी सांगळे यांची पदे ती देशी. मिशनऱ्यांनी आणलेल्या चालींवर बसविलेली भाषांतरित गीते ती विलायती. ही विभागणी सोयीची आहे. परंतु विलायत एकजिनसी होती, असे ती गृहीत धरते. प्रस्तुत लेखात या गृहीताची तपासणी केल्टिक स्तोत्रगायनाच्या बाजूने करावयाची आहे.

आयर्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडचा वायव्येकडील डोंगराळ भाग व बेटे हा केल्टिक भाषांचा प्रमुख प्रदेश होय. आज ‘केल्टिक उपासना’ म्हटले की हार्प, बासरी आणि मंद प्रकाश एवढेच डोळ्यांसमोर येते. हे चित्र पुष्कळसे विसाव्या शतकाने घडविलेले आहे. ‘स्लेन’ या नावाने जगभर गायिली जाणारी आयरिश चाल मुळात लोकगीताची असून ती पॅट्रिक जॉइस यांच्या १९०९ मधील संग्रहातून पुढे आली. तिच्यावर आज गायिले जाणारे प्राचीन आयरिश प्रार्थनेचे पद्य भाषांतर एलिनॉर हल यांनी १९१२ साली प्रसिद्ध केले. शब्द आणि चाल यांची गाठ त्यानंतरची आहे. म्हणजे ज्याला आपण पुरातन समजतो, ते गीत या रूपात टिळकांच्या अभंगांहून जुने नाही.

खरी जुनी परंपरा निराळी आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील लुइस बेटावर आजही गेलिक भाषेतील स्तोत्रे वाद्यांविना गायिली जातात. अग्रगायक एक ओळ उचलतो. मंडळी ती मागून घेते, पण एकसुरात नव्हे. प्रत्येक जण आपल्या गळ्याप्रमाणे आणि श्वासाप्रमाणे ती ओळ वळवतो, हरकती घेतो. ओळ पुढे सांगण्याची ही प्रथा मुळात निरक्षरांच्या सोयीची. ज्या मंडळीत पुष्कळांना वाचता येत नाही तेथे स्तोत्र ओळीओळीने सांगावे, अशी तरतूद वेस्टमिन्स्टरच्या १६४५ च्या उपासनाविधीत होती. सोय गेली, गाण्याची रीत राहिली. भजनाच्या फडावर वाढलेल्या मराठी वाचकाला हे वर्णन परके वाटू नये. आपल्याकडेही एकाने चरण उचलावा, टाळकऱ्यांनी तो झेलावा. शिवाय अनेक गेलिक चाली पाचच स्वरांत फिरतात आणि त्यांतील काहींचे स्वर थेट भूपाचे आहेत. अर्थात स्वर तेच म्हणून राग तोच होत नाही, आणि टाळ-पखवाजाच्या ठेक्याला बांधलेले भजन व ठेकाच नसलेले गेलिक स्तोत्र यांतील अंतरही विसरता येत नाही. साम्य आहे ते गाणे सामुदायिकपणे घडण्याच्या रीतीत.

मग स्कॉटिश मिशनबरोबर ही रीत महाराष्ट्रात का आली नाही? याचे उत्तर मिशनऱ्यांच्या गावांत सापडते. १८२९ मध्ये मुंबईत आलेले जॉन विल्सन आणि १८४५ मध्ये नागपुरास पोहोचलेले स्टीफन हिस्लॉप हे दोघेही बेरिकशायरचे, म्हणजे सखल, इंग्रजीकडे झुकलेल्या स्कॉटलंडचे. ओळ सांगून गाण्याची प्रथा त्या भागातून ओसरत चालली होती. चाली स्वरलिपीत बसून सरळ झाल्या होत्या. बुलढाणा जिल्ह्यातून देऊळगाव राजा ओलांडले की जालना लागते. तेथे फ्री चर्चच्या नारायण शेषाद्री यांनी १८६०च्या दशकात कार्य उभारले आणि पुढे बेथेल हे गाव वसविले. तेथील नवख्रिस्ती प्रामुख्याने मांग व महार समाजांतून आलेले होते. गळ्यात गाणे आणि हातात पुस्तक नाही, अशा मंडळीला ज्या रीतीची गरज होती ती रीत स्कॉटलंडपाशी होती. मात्र इकडे आलेल्या स्कॉटलंडने ती मागे टाकलेली होती. फ्री चर्चने उपासनेत ऑर्गनला परवानगी दिली ती १८८३ मध्ये. आपल्याकडे पेटीने मंडळीचा सूर बांधून टाकला, अशी तक्रार केली जाते. ती अर्धीच खरी आहे, कारण पेटी भजनानेही स्वीकारली आणि तरी आपली हरकत सोडली नाही.

या दोन परंपरांची प्रत्यक्ष भेट झाली ती चालीत नव्हे, छंदात. आणि तीही उलट दिशेने. निकोल मॅकनिकल (१८७०–१९५२) हे अ‍ॅरन बेटावर, गेलिकच्या प्रदेशात, जन्मले. पुण्यात त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि मराठी संतांच्या रचनांचा इंग्रजी अनुवाद १९१९ मध्ये प्रसिद्ध केला. ख्रिस्ताने आपणा अपात्राला मित्र म्हटले, या आशयाच्या टिळकांच्या रचनेचे त्यांनी केलेले भाषांतर इंग्रजी गीतसंग्रहांत स्थिरावले. ते ८-६-८-६ अक्षरांच्या कॉमन मीटरमध्ये आहे. १६५० च्या स्कॉटिश स्तोत्रसंग्रहातील बहुतेक स्तोत्रे याच मापाची आहेत, त्यामुळे त्यांतील कोणतेही स्तोत्र या मापाच्या कोणत्याही चालीवर गाता येते. अभंगाचेही असेच नाही काय? सहा-सहा-सहा-चारचा मोठा अभंग ज्याला जी चाल येते तीत तो गातो. मॅकनिकलांची निवड म्हणूनच मला केवळ सवयीची वाटत नाही. एका लवचिक साच्याला त्यांनी दुसरा लवचिक साचा दिला. परंतु येथे हानीही झाली आहे. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण चढत जातात आणि चौथा आखूड पडतो. त्या पडण्यातच समूहाला शिरायला जागा मिळते. कॉमन मीटरचा झोका समान अंतराने येतो-जातो. त्यात विनय टिकतो, आर्जवाचा तो एकाएकी खचणारा स्वर टिकत नाही.

वऱ्हाडात, खामगाव-अकोला पट्ट्यात, पुढे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे कार्य पसरले. तिचे संस्थापक ए. बी. सिम्पसन हे स्कॉटिश वंशाचे, प्रेस्बिटेरियन घरात वाढलेले कॅनेडियन आणि स्वतः गीतकार. त्यांच्या गीतांचा बाज मात्र अमेरिकी, पालुपदाचा. आणि पालुपद आपल्या ध्रुवपदाजवळ जाते. ‘विलायती’ या एका शब्दाखाली सखल स्कॉटलंडची स्तोत्रे, अमेरिकी पालुपदे आणि न आलेले गेलिक गायन अशा तीन भिन्न गोष्टी आपण कोंबल्या आहेत. त्यांतील तिसरी इथल्या भजनाला सर्वांत जवळची होती.