तारीख नसलेला पाऊस

जून लागला की गुलमंडीत दोन गोष्टी एकदम दिसायला लागतात. दुकानांच्या दारांवर टांगलेले निळे-पिवळे रेनकोट आणि पोरांच्या मोबाइलवर धबधबे. रेनकोट यंदाचे असतात. धबधब्यांचं सांगता येत नाही.

गेल्या दोन-तीन पावसाळ्यांत मी ‘पहिल्या पावसातला सह्याद्री’ या जातीचे लेख, रील आणि भटकंतीच्या नोंदी मन लावून वाचल्या-पाहिल्या. साहित्यप्रकार म्हणूनच. कारण तो आता साहित्यप्रकार झालाय. त्याची सुरुवात ठरलेली, धुकं ठरलेलं, गाणं ठरलेलं, आणि शेवटी ‘निसर्गाच्या कुशीत स्वतःला शोधा’ हेही ठरलेलं. कादंबऱ्यांची परीक्षणं येतात, सिनेमांची तर शुक्रवारी दुपारीच येतात. पण ज्या मजकुराच्या भरवशावर माणसं रविवारी पहाटे गाडीला किक मारून निघतात, त्याचं परीक्षण कुणी लिहीत नाही. म्हणून हे.

माझी तक्रार भाषेबद्दल नाही. ‘हिरवा शालू’ आणि ‘मातीचा सुगंध’ मी माफ करतो. आपण सगळ्यांनीच शाळेत पावसाळ्यावर निबंध लिहिलेत. तक्रार एकच आहे. या मजकुराला तारीख नसते.

रील जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतं. त्यातला कडा हिरवागार असतो आणि धबधबा छाती फुगवून पडत असतो. म्हणजे चित्रण ऑगस्टमधलं, बहुतेक मागच्या वर्षीचं. बघणारा जूनमध्ये निघतो आणि जूनच्या डोंगरात पोचतो. हे दोन वेगळे डोंगर आहेत.

जूनचा डोंगर कसा असतो? सात-आठ महिने वाळलेला असतो. वाटेवर मुरूम सुटा झालेला, त्यावर वाळलं गवत आडवं पडलेलं. पहिल्या सरींनी धूळ धुऊन जात नाही, तिचा कातळावर लेप बसतो. ऑगस्टमधलं शेवाळ निदान हिरवं दिसतं, माणूस पाय जपून टाकतो. जूनमधलं नुसतं काळं दिसतं, ओल्या दगडासारखंच. उतारावर नवं गवत उगवलेलं असतं, पण त्यानं अजून माती धरलेली नसते. आधारासाठी मूठ भरून धरावं तर मुळासकट हातात येतं. विंचू-साप बिळांतून बाहेर पडलेले असतात. टाक्यांमध्ये उन्हाळाभराचा कचरा नुकताच वाहून आलेला असतो, त्यामुळे पिण्याचं म्हणून नावाजलेलं पाणीही त्या पंधरवड्यात पिऊ नये. शिवाय आपल्या मराठवाड्यात या दिवसांत विजा पडतात, आणि किल्ल्याचा माथा म्हणजे उघडं पठार. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेनं विजेची सूचना देणारं ‘दामिनी’ नावाचं ॲप केलंय. ते डाउनलोड करायला रीलपेक्षा जास्त डेटा लागत नाही.

आणि पाण्याचं गणित. अजिंठ्याच्या रांगेत वर पठार आणि खाली तुटलेला कडा अशी रचना आहे. वाघूर नदी अजिंठा लेण्यांशी अशीच कुंडाकुंडांतून खाली उतरते. पाऊस वर पठारावर पडतो आणि खाली कोरड्या ओढ्यात ऊन असतं. मग तासाभरानं लोंढा येतो. ज्या ओढ्यात उभं राहून फोटो काढला, तो परतताना ओलांडता येईलच असं नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलाय, पुढेही ढकललाय. १५ जून २०२५ ला, पुन्हा रविवारीच, मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चार माणसं गेली. दोन्ही घटनांत महिना जून आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. पाऊस नवा असतो, गर्दीही नवी असते, आणि दोघांची एकमेकांशी ओळख झालेली नसते.

यावर सरकारकडे एकच लेखनप्रकार आहे, बंदी आदेश. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत धबधब्यांवर जाण्यास मनाई. त्याला तारीख असते, हे कबूल. पण त्यात डोंगर नसतो. काय झालंय, कुठली वाट खचलीय, कुठलं पाणी वाढलंय, काही नाही. सगळ्याच ठिकाणी जाऊ नका असं सांगितलं की लोक सगळीकडेच जातात.

आता पुस्तकांकडे येतो, कारण हा दोष रीलवाल्या पोरांनी शोधून काढलेला नाही. तो आपल्याला वारशानं मिळालाय.

गो. नी. दांडेकरांची ‘दुर्गभ्रमणगाथा’ वाचून माझ्यासारखे कित्येक जण किल्ल्यांवर गेले असतील. पुस्तकावर माझं प्रेम आहे आणि ते कमी करण्याचा माझा विचार नाही. पण गोनीदांच्या गडावर शिवकाल इतका जवळ उभा असतो की आजचा महिना धूसर होतो. ते त्यांचं बळच आहे, ती भक्ती आहे. भक्तीला पंचांग लागत नाही. अडचण नंतर झाली. त्यांच्या मागून लिहिणाऱ्यांनी त्यांचा सूर घेतला, त्यांचे पाय घेतले नाहीत. गोनीदा आयुष्यभर चालले होते, एकेका गडावर पुन्हा पुन्हा गेले होते; त्यांना तारीख लिहायची गरज नव्हती, ती त्यांच्या पोटऱ्यांत होती. एकदाच गेलेल्या माणसानं त्याच सुरात लिहिलं की हातात नुसता सूर उरतो.

दुसऱ्या बाजूला मार्गदर्शक पुस्तकं आहेत. आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’ हे त्यातलं सगळ्यात कामाचं. रांगा, पायथ्याची गावं, वाटा. मला हे पुस्तक साहित्य म्हणूनही आवडतं, कारण त्यात एक विशेषण वाया जात नाही. पण वाट सांगणारं पुस्तक स्वभावतःच कायमचं असतं. वाट आहे हे ते सांगतं. ती आज कशी आहे हे सांगणं त्याचं काम नाही, आणि छापील पुस्तकाला ते जमणारही नाही.

म्हणजे आपल्याकडे डोंगराची स्तुती आहे, डोंगराचा पत्ता आहे, पण डोंगराची खबरबात नाही.

ती कुणी लिहिलीच नाही असं नाही. ती वेगळ्या कपाटात सापडते. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६ चं. त्याची रचनाच महिन्यांची आहे. दुर्गाबाईंनी ‘पाऊस’ या गोष्टीवर लिहिलं नाही. ज्येष्ठावर वेगळं लिहिलं, आषाढावर वेगळं. आज ते वाचताना त्याची आधुनिकता जाणवते ती शैलीमुळे नाही, या शिस्तीमुळे. आणि गोनीदांचंच घ्यायचं तर ‘माचीवरला बुधा’ मला दुर्गवर्णनांपेक्षा जास्त खरं वाटतं. बुधा राजमाचीवर पाहुणा म्हणून येत नाही, राहायला येतो. जो राहतो त्याला ऋतू चुकवता येत नाहीत.

इथे मला त्या गाण्यांबद्दल बोलायचंय. जूनच्या रीलवर हमखास ‘जैत रे जैत’मधलं काहीतरी वाजतं. सिनेमा १९७७ चा, जब्बार पटेलांचा, मूळ कादंबरी गोनीदांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, गाणी ना. धों. महानोरांची. महानोर आपले, पळसखेडचे, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याचे. आता गंमत बघा. ही गोष्ट लिंगोबाच्या डोंगरावरच्या मधमाश्यांशी माणसानं धरलेल्या वैराची आहे, आणि त्या वैराची किंमत चिंधी जीव देऊन मोजते. (सिनेमा पाहिला नसेल तर आता रागावू नका, जवळजवळ पन्नास वर्षं झाली.) ज्या गोष्टीत डोंगर माणूस घेतो, तिचं गाणं कापून आपण डोंगरावर बोलावण्यासाठी वापरतो. आमच्या भागातल्या कड्यांना, लेण्यांच्या कपारींना आग्या मोहोळं लटकलेली असतात. त्यांच्याखाली अत्तर मारून जाऊ नये, धूर करू नये, आरडाओरडा करू नये, हे त्या सिनेमातला ठाकर जाणतो. रीलमधला माणूस तिथे ड्रोन उडवतो.

आणि महानोर कोरडवाहू भागातले शेतकरी होते. त्यांच्या कवितेत पाऊस येतो तेव्हा पेरणी अडलेली असते. तो पाऊस बघायचा नसतो, त्याची वाट बघायची असते. हा फरक मला कवितेपेक्षा एका बांधावर नीट कळला. वेताळवाडीच्या किल्ल्याला आम्ही सिल्लोड, उंडणगाव, हळदा असे जातो. एका जूनमध्ये आमच्यातले दोघं वाट सोडून शेतातून आडवे निघाले, तेव्हा तिथल्या एका काकांनी लांबूनच हाक मारली, “ओ भाऊ, बांधानं या. काल सरकी टोबलीय.” रागावले नाहीत. पण जमीन तर उघडीच दिसत होती, नुसती काळी. शहरातल्या माणसाला जूनमध्ये सगळ्यात महाग जमीन रिकामी दिसते.

डोंगरातली रीत म्हणतात ती मला त्या दिवशी समजली. रीलच्या शेवटी ‘प्लास्टिक टाकू नका’ अशी एक ओळ असते आणि तेवढ्यावर शिष्टाचार संपतो. प्लास्टिक टाकूच नये, पण ते बारमाही आहे. जूनची रीत वेगळी आहे. बांधानं चालायचं. घसाऱ्यावरून खाली कुणी असेल तर ते बाजूला होईपर्यंत पाऊल टाकायचं नाही, आणि दगड सुटलाच तर लाजता ‘दगड! दगड!’ म्हणून ओरडायचं. वर जाताना पायथ्याच्या गावात सांगून जायचं, आणि उतरल्यावर ‘उतरलो’ हेही सांगायचं. हे दुसरं फार कमी लोक करतात. मग संध्याकाळी कुणीतरी उगाच डोंगराकडे बघत बसतं.

काजव्यांचंही तसंच. मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी या बाजूला झाडं लुकलुकतात. तो त्यांचा मीलनाचा काळ. नर-मादी प्रकाशानंच एकमेकांना शोधतात. तिथे गाडीचे दिवे, टॉर्च, फ्लॅश म्हणजे दोघांच्या बोलण्यात लाउडस्पीकर लावण्यासारखं. आणि समीक्षक म्हणून मला त्या प्रसिद्ध फोटोंचीही हरकत आहे. झाडभर सोनं सांडलेला तो फोटो बहुतेक वेळा अनेक फोटो एकावर एक रचून केलेला असतो. कित्येक मिनिटांचा, कधी तासांचा उजेड एका क्षणात दाखवलेला. तंत्र म्हणून काही वाईट नाही. पण तो पाहून गेलेला माणूस प्रत्यक्ष काजवे बघून हिरमुसतो, आणि मग टॉर्च मारतो.

खबरबात लिहिण्याची शिस्त कशी असते, हे बर्फात जाणाऱ्यांकडे बघून कळतं. गुलमर्गला किंवा आल्प्समध्ये तयार उतार सोडून मोकळ्या डोंगरात स्की करणारे लोक असतात. हंगामाच्या सुरुवातीचा बर्फ त्यांच्यासाठी आपल्या जूनसारखाच. वरून पांढरा, खाली खडक झाकलेले, थर एकमेकांना न चिकटलेले. त्यांच्याकडे हिमस्खलनाच्या धोक्याची एक ते पाच अशी पायरी ठरलेली आहे आणि पत्रक रोजच्या रोज निघतं. आपल्याकडेही चंदीगडची डीजीआरई ही संस्था हिमालयासाठी असे इशारे देते. मला मोह पडतो तो त्या पत्रकांच्या गद्याचा. कालचं पत्रक आज शिळं. लिहिणाऱ्याला ते माहीत असतं आणि तरी तो नीट लिहितो. आणि उतरून आलेला माणूस, आपण किती भारी हे सांगण्याआधी, बर्फ कसा होता ते सांगतो.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. कन्नड तालुक्यात अंतूर किल्ल्याच्या वाटेवर निजामशाहीतला एक दगडी खांब आहे. त्यावर फारसीत, चारी बाजूंना, कुठल्या दिशेला कुठलं गाव ते कोरलंय. मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी लिहिलेलं हे गद्य आहे. त्यात किल्ल्याच्या सौंदर्याबद्दल काही नाही.

आमच्या गुलमंडीच्या ग्रुपवर आता एक नियम आहे. फोटो टाकायचा तर आधी नोंद टाकायची. एका साहित्यप्रेमी मित्राचं म्हणणं, याला लेखन म्हणत नाहीत. मला ही नोंद ‘धुक्याच्या दुलई’वरच्या कुठल्याही हजार शब्दांपेक्षा वाचनीय वाटते. त्यातली एक, आहे तशी:

“२२ जून, रविवार. वेताळवाडी, हळदा घाटाच्या बाजूनं. सकाळी ७:१० ला चढाई. रात्री सरी पडून गेल्यात. पहिला टप्पा मुरमाड, चढताना ठीक, उतरताना बसून उतरलो. तटाजवळचा कातळ काळा दिसतो तिथे पाय टाकू नका, बाजूच्या गवतातून जा, पण गवत धरू नका. टाक्यातलं पाणी गढूळ, प्यायलो नाही. ९:४० ला पश्चिमेकडे गडगडाट, माथा सोडला. खालच्या पट्टीत पेरणी झालीय. ओढा जाताना कोरडा, येताना घोट्यापर्यंत. फोटो नंतर टाकतो.”