कोनीय संवेग व संवेग यांचे कम्यूटेटर : पाठ्यपुस्तकीय मांडणीचे समीक्षण

प्रस्तावना
पुंजयामिकीच्या अध्यापनात कोनीय संवेग व रेषीय संवेग यांच्या ऑपरेटरांमधील कम्यूटेटर बहुधा एका गणिती उदाहरणापुरते येतात. या संबंधांचा भौतिक अर्थ मात्र दुर्लक्षित राहतो.

विवेचन
डेव्हिड ग्रिफिथ्स यांच्या ‘इंट्रोडक्शन टू क्वांटम मेकॅनिक्स’ या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत हे संबंध स्वाध्यायात दिलेले आहेत. कोनीय संवेगाच्या झ-घटकाचा संवेगाच्या क्ष-घटकाशी कम्यूटेटर ‘आय एच्-बार’ गुणिले य-घटक इतका येतो. य-घटकाशी तो उणे ‘आय एच्-बार’ गुणिले क्ष-घटक, तर झ-घटकाशी शून्य. या कृतीने विद्यार्थ्याचा हात बसतो. परंतु क्ष-घटकापासून य-घटक का निघावा, याचा उलगडा होत नाही.

तो उलगडा परिभ्रमणात आहे. झ-अक्षाभोवती सदिश किंचित फिरविला की त्याचे क्ष व य घटक परस्परांत मिसळतात, झ-घटक तसाच राहतो. कोनीय संवेग हा परिभ्रमणाचा जनक असल्याने कम्यूटेटर नेमके हेच सांगतो. म्हणजेच हा संबंध संवेग सदिश असल्याचे विधान आहे. जे. जे. सकुराई यांच्या मरणोत्तर प्रकाशित ‘मॉडर्न क्वांटम मेकॅनिक्स’ (1985) मध्ये आरंभच परिभ्रमणापासून होतो. त्यामुळे स्पिनसह एकूण कोनीय संवेगालाही हा संबंध लागू का पडतो, हे स्पष्ट होते. तथापि सदिश ऑपरेटरची व्याख्या तेथे दीर्घ प्रकरणाच्या अखेरीस येते व प्राथमिक आकडेमोडीशी तिचा दुवा सैल राहतो.

अर्थ निसटला की ‘कोनीय संवेग व संवेग एकाच वेळी निश्चित नसतात’ असे सरसकट विधान उत्तरपत्रिकांत उतरते. वास्तविक एकाच अक्षावरील घटक क्रमनिरपेक्ष असतात. म्हणूनच झ-दिशेने जाणाऱ्या समतल तरंगाचा कक्षीय कोनीय संवेगाचा झ-घटक शून्य असतो आणि प्रकीर्णनात त्याचे आंशिक तरंगांत विस्तारण करताना केवळ शून्य चुंबकीय पुंजांकाची पदे उरतात. तसेच संवेगाचा वर्ग अदिश असल्याने तो कोनीय संवेगाच्या तिन्ही घटकांशी क्रमनिरपेक्ष असतो. परिणामी मुक्त कणाची तीच ऊर्जा समतल व गोलीय अशा दोन्ही तरंगांनी वर्णिता येते.

निष्कर्ष
ग्रिफिथ्स यांनी डॅरेल श्रोएटर यांच्यासमवेत सिद्ध केलेल्या तिसऱ्या आवृत्तीत (2018) सममितीवरील स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले; ही सुधारणा स्वागतार्ह होय. वर्गात प्रथम आकडेमोड, लगेच परिभ्रमणाचा अर्थ व त्यानंतर समतल तरंगाचे उदाहरण असा क्रम ठेवणे इष्ट ठरेल. प्रश्नपत्रिकेतही ‘सिद्ध करा’ या आदेशासोबत ‘अर्थ स्पष्ट करा’ अशी अपेक्षा असल्याखेरीज हा बदल वर्गात रुजणार नाही.