टेकडी कोणाची? बागियोतील एका मॉलचा परिसर

फिलिपीन्समध्ये ‘एसएम’ या दोन अक्षरांचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. चीनच्या फुजियान प्रांतातून लहानपणी आलेल्या हेन्री सी यांनी १९५८ मध्ये मनिलात ‘शूमार्ट’ नावाचे बुटांचे दुकान काढले. त्याचा व्याप वाढत गेला आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये, मार्कोस राजवट अखेरच्या घटका मोजत असताना, राजधानीच्या परिसरात एडसा महामार्गावर त्यांचा पहिला मोठा मॉल उभा राहिला. आज त्या देशात एसएमचे ऐंशीहून अधिक मॉल आहेत. तिथे रविवारची मिस्सा होते, सरकारी कामांच्या खिडक्या असतात, आणि दमट उकाड्यात काहीही विकत न घेता चार तास काढता येतात. परदेशी राबणाऱ्या फिलिपिनोंनी घरी पाठवलेला पैसा देशाच्या एकूण उत्पन्नाच्या आठ-नऊ टक्क्यांच्या घरात जातो. तो मॉलमधल्या बँकेतून निघतो आणि खालच्या मजल्यावरच्या सुपरमार्केटात खर्च होतो. पुष्कळदा ती बँकही त्याच उद्योगसमूहाची असते.

या मॉलवर टीका करणे सोपे आहे, आणि ती भरपूर झालेली आहे. सगळीकडे तोच चौकोनी ठोकळा, तीच निळी अक्षरे, तोच गारवा. मला रस आहे तो या साच्यात न बसणाऱ्या एका मॉलमध्ये. उत्तर लुझोनच्या डोंगरात, सुमारे पंधराशे मीटर उंचीवर, बागियो नावाचे शहर आहे. तिथला एसएम नोव्हेंबर २००३ मध्ये उघडला. त्याच्या सार्वजनिक मोकळ्या भागात वातानुकूलन नाही. मधल्या चौकावर तंबूसारखे ताणलेले पांढरे छत आहे, कडेच्या सज्जांतून धुके आत येते, आणि गिऱ्हाईक कठड्याला टेकून खालचे शहर पाहत उभे राहते. इतरत्र जी थंडी यंत्राने तयार करून विकावी लागते, ती इथे हवेतच आहे. वास्तू म्हणून पाहिले तर एसएमच्या मॉलमध्ये मी हाच सर्वांत चांगला मानतो. बागियोतल्या अनेकांना हे मत रुचणार नाही. त्यांच्या रागाला कारण आहे, आणि या लेखाचा विषय तोच राग आहे.

(मी वास्तुशास्त्राची पदवी घेतलेली नाही आणि बागियोला गेलेलोही नाही. नकाशे, छायाचित्रे, जुने अहवाल आणि न्यायालयांची निकालपत्रे यांवरून हे वाचन केले आहे. निकालपत्रे हा फार दुर्लक्षित साहित्यप्रकार आहे, असे माझे जुने मत आहे.)

मॉल जिथे उभा आहे तिचे नाव लुनेटा हिल. शहराचा मुख्य रस्ता, सेशन रोड, या टेकडीच्या पायथ्यापासून उतरत खाली बाजारापर्यंत जातो. फिलिपाइन कमिशन या अमेरिकी शासनमंडळाची अधिवेशने या शहरात भरली, त्यावरून रस्त्याला हे नाव पडले. रस्त्याच्या एका बाजूला उंचावर जुळ्या मनोऱ्यांचे गुलाबी कॅथेड्रल आहे आणि वरच्या टोकाला मॉल. खाली बर्नहॅम पार्क आणि त्यातले कृत्रिम तळे. शहराच्या कोणत्याही बाजूने मान वर केली तर लुनेटा हिल दिसते. म्हणून तिच्यावर काय उभे राहावे हा प्रश्न सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यापुरता कधीच नव्हता.

बागियो हे अमेरिकनांनी वसवलेले थंड हवेचे ठिकाण. ब्रिटिशांचे सिमला त्यांच्या डोळ्यांसमोर होते. महाबळेश्वर-माथेरान ओळखणाऱ्या मराठी वाचकाला या जातीच्या गावाची ठेवण सांगायला नको: वळणांचा घाट, साहेबाचा बंगला, तळे, आणि ज्यांच्या जमिनीवर हे सारे उभे राहिले ते लोक चित्राच्या कडेला. शिकागोचे नगररचनाकार डॅनियल बर्नहॅम यांनी १९०५ मध्ये बागियोचा आराखडा दिला. तो पंचवीस-तीस हजार वस्तीसाठी होता. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३,६६,३५८ भरली. बर्नहॅम यांच्या अहवालातला एक भाग मात्र आजही थबकून वाचावा असा आहे. आसपासच्या टेकड्यांवरची झाडे काटेकोरपणे जपली पाहिजेत, वेळीच बंदोबस्त केला नाही तर उत्साही लाकूडवाले हे सौंदर्य लवकरच नष्ट करतील, असा इशारा त्यांनी दिला होता. शहर वसण्याआधीच त्याच्या नाशाची शक्यता नोंदवणारा आराखडा विरळाच.

पण पाइनची ती झाडे आणि त्यांच्यामधली कुरणे ओसाड पडलेली नव्हती. इथे इबालोई लोकांची गुरे चरत होती. ‘बागियो’ हे नावसुद्धा शेवाळासाठी असलेल्या त्यांच्या ‘बागिव’ या शब्दावरून आले. त्यांच्यातले एक प्रमुख, मातेओ कारिन्यो, यांच्या जमिनीचा काही भाग अमेरिकी लष्कराच्या विश्रांतीतळासाठी, म्हणजे कॅम्प जॉन हे साठी, घेण्यात आला. कारिन्यो यांच्याकडे स्पॅनिश सरकारने दिलेला मालकीचा कागद नव्हता. त्यांच्याकडे होते पिढ्यांचे राहणे, कुंपण आणि गुरे. १४६ हेक्टर जमिनीचा त्यांचा दावा थेट वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी १९०९ मध्ये न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी कारिन्यो यांच्या बाजूने निकाल दिला. आशय असा, की माणसाच्या आठवणीला जिथवर मागे जाता येते तिथवर जी जमीन कोणी मालकीच्या नात्याने सांभाळत आला, ती सरकारी कधी नव्हतीच असे धरले पाहिजे. आठवणीला दस्तऐवजाचा दर्जा देणारा हा निकाल पुढे जगभरच्या मूलनिवासींच्या खटल्यांत आधाराला घेतला गेला. फिलिपीन्सच्या १९९७ च्या मूलनिवासी हक्क कायद्यामागेही हेच तत्त्व आहे. निकाल लागला तेव्हा कारिन्यो हयात नव्हते, आणि तळ तळाच्या जागीच राहिला.

लुनेटा हिलवर त्या काळापासून पाइन्स हॉटेल होते. मनिलाचे बडे लोक उन्हाळ्यात तिथे येत. १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये हॉटेल जळाले, माणसे गेली. १६ जुलै १९९० च्या भूकंपाने बागियोचे कंबरडे मोडले. हयात टेरेसेस हे दुसरे मोठे हॉटेल कोसळले, घाटरस्ते तुटले आणि शहराचा संपर्कच सुटला. या दोन आघातांच्या मधल्या आणि नंतरच्या वर्षांत लुनेटा हिल रिकामी होती. आंदोलनात अनेकांनी जी ‘आपली टेकडी’ म्हटली ती हीच: हॉटेल गेल्यानंतरची आणि मॉल येण्याआधीची. कायद्याने ती तेव्हाही सार्वजनिक नव्हती. नजरेने आणि सवयीने मात्र झाली होती.

२०११ च्या सुमारास एसएमने विस्ताराची योजना आणली: बहुमजली वाहनतळ, वर बाग, पावसाचे पाणी साठवण्याची मोठी टाकी. त्यासाठी टेकडीवरची १८२ झाडे, पाइन आणि आल्नस, मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट उपटून दुसरीकडे लावायची किंवा तोडायची होती. टाकीमुळे सेशन रोडवर वाहून येणारे पाणी कमी होईल आणि उताराची धूप थांबेल, असा कंपनीचा युक्तिवाद होता. तो हास्यास्पद नव्हता. पण उतार धरून ठेवायला झाडे काढावी लागतात, हे डोंगरातल्या माणसाला पटवणे कठीण असते. जानेवारी २०१२ मध्ये हजारो लोक रस्त्यावर आले. विद्यार्थी, पाद्री, कलावंत, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे गट. ‘१८२ वाचवा’ ही घोषणा झाली.

या घोषणेवर मला थोडे थांबायचे आहे. आकडा आंदोलनाला बळ देतो, कारण तो मोजता येतो आणि छापता येतो. पण आकड्याने टेकडीची झाडांची यादी केली. त्यात बेंगेतचा मूळचा पाइन आणि बाहेरून आणून लावलेला आल्नस यांत फरक उरला नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, टेकडीचा इतिहास हॉटेलापासून सुरू झाल्यासारखा झाला. गतकाळाची जी ओढ त्या दिवसांत व्यक्त झाली, ती बरीचशी अमेरिकी बागियोची ओढ होती: धुके, पाइनचा वास, शांत रस्ते. त्याआधीच्या कुरणांची आठवण त्या मानाने क्षीण होती. आंदोलनाचे मोल यामुळे कमी होत नाही. पण ‘मॉल परका आणि आम्ही स्थानिक’ ही मांडणी बागियोत इतक्या सरळपणे करता येत नाही, कारण ज्या शहराच्या नावाने ती केली गेली ते शहरही कोणाच्या तरी कुरणावर बसलेले आहे.

पुढची हकिकत न्यायालयातली. फिलिपीन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पर्यावरणविषयक खटल्यांसाठी वेगळे नियम केले. त्यांनुसार निसर्गाच्या बाजूने कोणीही नागरिक, अजून न जन्मलेल्या पिढ्यांच्या वतीनेसुद्धा, दाद मागू शकतो. जागेचा मालक असण्याची अट नाही. या वाटेने खटला उभा राहिला. ९ एप्रिल २०१२, सुटीचा दिवस. रात्री टेकडीवर काम सुरू झाले आणि झाडे निघू लागली. दुसऱ्या दिवशी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला. डिसेंबरमध्ये कनिष्ठ न्यायालयाने खटला फेटाळला. २०१४ च्या अखेरीस अपील न्यायालयाने तेच कायम केले. जानेवारी २०१५ मध्ये आणखी झाडे गेली. मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, आणि १० एप्रिल २०१९ च्या निकालाने ती कायमची केली. न्यायमूर्ती मार्विक लिओनेन यांनी लिहिलेले ते निकालपत्र आहे.

१९०९ आणि २०१९. एकच शहर, दोन सर्वोच्च न्यायालये, मध्ये एकशे दहा वर्षे. दोन्ही वेळा प्रश्न असा, की ज्याच्याकडे कागद नाही त्याचा जमिनीशी काही संबंध धरायचा की नाही. दोन्ही वेळा उत्तर ‘धरायचा’ असे आले. आणि दोन्ही वेळा ते उशिरा आले: पहिल्यांदा दावेदार गेला होता, दुसऱ्यांदा १८२ पैकी बरीच झाडे. कारिन्यो यांचा हक्क मालकीचा होता आणि सेशन रोडवरच्या माणसांचा नुसता पाहण्याचा, सावलीचा, पाणी मुरण्याचा. दोन्हींना एकाच तागडीत घालणे मलाही अवघड वाटते. तरी या दुसऱ्या प्रकारच्या हक्काला काही आधार आहे का, असे कोणी विचारले तर मी त्याला मॉलचीच इमारत दाखवीन. तिच्या रचनाकारांनी सज्जे उघडे ठेवले, छत उघडे ठेवले, कारण या टेकडीवर सर्वांत मोलाची वस्तू दुकानाबाहेरची हवा आणि समोरचे दृश्य आहे हे त्यांनी ओळखले होते. ही वस्तू त्यांनी घडवलेली नाही आणि तिच्यावर किंमतीची चिठ्ठी लावता येत नाही. म्हणूनच वाहनतळासाठी झाडे काढण्याची योजना मला त्या इमारतीच्या स्वतःच्या शहाणपणाशी विसंगत वाटते.

आता परिसराकडे. मॉलपासून उतरत गेले की सेशन रोडच्या दुसऱ्या टोकाशी सार्वजनिक बाजार लागतो. ला त्रिनिदाद खोऱ्यातल्या स्ट्रॉबेरी, बेंगेतची कोबी-गाजरे, मऊ गवताच्या केरसुण्या. रात्री हॅरिसन रोडवर दुसराच बाजार भरतो, ‘उकाय-उकाय’चा, म्हणजे ढिगात हात घालून उकरायच्या परदेशी जुन्या कपड्यांचा. असे कपडे विक्रीसाठी आयात करायला १९६६ च्या एका कायद्याने बंदी आहे. तरीही नगरपालिकेच्या देखरेखीखाली हा बाजार रोज रात्री भरतो, आणि मनिलाहून आलेले पर्यटक संध्याकाळी मॉलच्या सज्जात छायाचित्रे काढून रात्री इथे कोट उकरतात. बागियोच्या बाजारपेठेचे खरे स्वरूप कळायला वरचा सज्जा आणि खालचा ढीग दोन्ही पाहावे लागतात. याच शहरात चित्रपटकार किदलात ताहिमिक यांनी सेशन रोडजवळ टाकाऊ लाकूड-काचांतून ‘इली-लिखा’ नावाचे कलाग्राम उभारले आहे, आणि त्यात खोल्या झाडाला वळसा घालून जातात. त्याला मॉलचा पर्याय म्हणणे भाबडेपणाचे होईल. झाड मध्ये आले तर काय करायचे याचे एक उत्तर तिथे बांधलेले आहे, इतके म्हणता येते.

लुनेटा हिलवरचा निकाल लागून वर्षही झाले नव्हते तेव्हा वादाची जागा रस्त्याच्या खालच्या टोकाला सरकली होती. सार्वजनिक बाजाराच्या पुनर्बांधणीचा प्रस्ताव एसएमच्याच कंपनीने दिला होता आणि २०२० मध्ये नगरपालिकेने तिला मूळ प्रस्तावक म्हणून मान्यता दिली. गाळेवाल्यांच्या संघटना विरोधात उभ्या राहिल्या: गाळ्यांची संख्या, भाडे, भाजीच्या टोपलीशेजारी वातानुकूलित दुकाने आली तर भाजीवालीचे काय, हे त्यांचे प्रश्न. मार्च २०२३ मध्ये बाजाराचे काही भाग आगीत जळाले. राखेत उभे राहून तात्पुरते गाळे मागणाऱ्या विक्रेत्यांकडे जागेचा मालकी हक्क नव्हता. त्यांच्याकडे होती वहिवाट, रोजचा माल, आणि कोणत्या खांबाजवळ कोण बसते ही सगळ्या शहराला पाठ असलेली माहिती.