एकच आज्ञा, दोन उत्तरे

पडणाऱ्या चेंडूचे मोबाइलवर चित्रण करायचे, शेजारी मीटरपट्टी उभी ठेवायची आणि मग एकेक फ्रेम पुढे सरकवत चेंडूची जागा मोजून गुरुत्व त्वरण काढायचे, हा प्रयोग आता जवळजवळ कोणत्याही शाळेला करता येतो. एके काळी याच मोजणीसाठी अंधारी खोली आणि ठरावीक वेगाने उघडझाप करणारा दिवा लागत असे. मात्र चित्रण आणि मोजणी यांच्यामध्ये एक पायरी असते आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. मोबाइलची फाइल शाळेच्या जुन्या संगणकावर उघडत नाही, किंवा ती फार मोठी असते, किंवा तिच्यातला दोन सेकंदांचा तुकडाच हवा असतो. म्हणून तिचे रूपांतर करावे लागते. मोजमाप शुद्ध राहणार की बिघडणार, हे पुष्कळदा या पायरीवरच ठरते. म्हणून रूपांतराच्या साधनांचे परीक्षण विज्ञानशिक्षकाने करायला हवे. ते केवळ संगणकवाल्यांवर सोपवून चालणार नाही.

साधने दोन घेऊ. दोन्ही विनामूल्य, दोन्हींची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली. पहिले एफएफएमपेग. फाब्रिस बेलार या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने ते २००० साली सुरू केले. नावातील दोन ‘एफ’ म्हणजे ‘फास्ट फॉरवर्ड’ आणि ‘एमपेग’ हे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या, चलचित्रांची मानके ठरवणाऱ्या तज्ज्ञगटाचे नाव. आपण चित्रफिती पाहण्यासाठी वापरतो त्या व्हीएलसी प्लेअरच्या पोटातही एफएफएमपेगचेच भाग काम करतात. २०२१ च्या फेब्रुवारीत पर्सिव्हिअरन्स ही गाडी मंगळावर उतरताना तिच्या कॅमेऱ्यांनी जे टिपले, ते साठवण्याच्या कामातही त्याचा उपयोग झाला होता. दुसरे साधन सॉक्स. हे फक्त ध्वनीचे काम करते. लान्स नॉर्सकॉग यांनी १९९१ मध्ये त्याची सुरुवात केली.

या साधनांना खिडक्या नाहीत, बटणे नाहीत. काय हवे ते एका ओळीत टाइप करायचे आणि एंटर दाबायचे. याला कमांड लाइन म्हणतात. ओळीत साधनाचे नाव, फाइलींची नावे आणि उणे चिन्ह लावून लिहिलेले पर्याय असतात. नवख्याला हे जुनाट वाटते. पण विज्ञानाच्या दृष्टीने या पद्धतीत मोठा गुण आहे: संपूर्ण कृती प्रयोगवहीत उतरवता येते. ‘तिसऱ्या यादीतले चौथे बटण दाबले, मग सरकपट्टी थोडी उजवीकडे नेली’ अशी नोंद वाचून कोणालाही तोच प्रयोग पुन्हा करता येणार नाही. आज्ञेची ओळ मात्र जशीच्या तशी दुसऱ्या शाळेत पाठवता येते. प्रयोगाची पुनरावृत्ती करता येणे हा विज्ञानाचा पाया. तेव्हा या साधनांना माझा पहिला प्रश्न हाच राहील, की एकच ओळ लिहिली तर नेहमी एकच उत्तर मिळते का, आणि ओळ वाचून काय घडणार ते कळते का?

एफएफएमपेगच्या बाबतीत दोन्हींचे उत्तर ‘नेहमी नाही’ असे आहे.

चेंडूच्या प्रयोगाचेच उदाहरण घेऊ. आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत द्यावी लागते. येथे उच्चार देतो. मूळ फाइल ‘-आय’ या पर्यायापुढे लिहितात आणि दर सेकंदाला किती फ्रेम हे ‘-आर’ने सांगतात. समजा चित्रण सेकंदाला ३० फ्रेमचे आहे आणि आपल्याला ते २५ चे हवे आहे. पुढील दोन ओळी पाहा.

एफएफएमपेग -आय चेंडू.एमपी४ -आर २५ नवी.एमपी४

एफएफएमपेग -आर २५ -आय चेंडू.एमपी४ नवी.एमपी४

शब्द तेच, संख्या तीच. फक्त ‘-आर २५’ची जागा बदलली आहे. एफएफएमपेगचा सर्वसाधारण नियम असा, की पर्याय त्याच्या पुढे येणाऱ्या फाइलला लागू होतो. पहिल्या ओळीत तो नव्या फाइलला लागू होतो. साधन मूळ चित्रणातील वेळा प्रमाण मानते आणि सेकंदाला २५ फ्रेम बसवण्यासाठी दर सहांतील एक फ्रेम गाळते. दुसऱ्या ओळीत तो मूळ फाइलला लागू होतो. आता साधन त्या फाइलमध्ये नोंदलेल्या वेळा बाजूला ठेवते आणि ‘हे चित्रण सेकंदाला २५ फ्रेमचेच आहे’ असे धरून चालते. एकही फ्रेम गळत नाही, पण १० सेकंदांचे चित्र १२ सेकंदांचे होते. आवाज मात्र १० सेकंदांतच संपतो.

मोजणीवर होणारा परिणाम पाहा. दुसऱ्या फितीत प्रत्येक काळ १.२ पट झाला. त्वरण काळाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने ते १.४४ पटीने कमी येणार. ९.८ ऐवजी ६.८. हे पृथ्वीचे त्वरण नव्हे, शुक्राचेही नव्हे. आणि आलेख इतका सुबक येतो, की संशय घ्यायला जागाच राहत नाही. पहिल्या फितीत याच्या उलट घडते. एकूण काळ बरोबर असतो, पण फ्रेममधील अंतरे बिघडलेली असतात. गळलेल्या फ्रेमच्या जागी खरे अंतर ६६.७ मिलिसेकंदांचे असते, बाकीच्या ठिकाणी ३३.३ चे, आणि नव्या फाइलमध्ये सगळीकडे ४० मिलिसेकंदांचे लेबल असते. सेकंदाला २ मीटर वेगाने जाणारा चेंडू चार वेळा १.६७ चा आणि पाचव्या वेळी ३.३३ चा दिसेल. विद्यार्थी आलेख काढतो, बिंदू वरखाली उडालेले पाहतो, आणि त्याला काय सांगितले जाते? ‘हवेचा रोध’, ‘हात हलला असेल’, ‘प्रायोगिक त्रुटी’. मुलाने नीट केलेली मोजणी त्याच्याच माथी मारली जाते आणि दोष मात्र एका पर्यायाच्या जागेचा असतो. माझी मुख्य तक्रार ही आहे.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. एफएफएमपेग ही गाळणी अगदी चोरून करत नाही. काम चालू असताना जी प्रगतीची ओळ पडद्यावर सरकत असते, तिच्यात ‘डप’ आणि ‘ड्रॉप’ या शब्दांपुढे किती फ्रेम दुहेरी झाल्या आणि किती गळल्या ते आकडे येतात. पण त्याआधी साधन स्वतःच्या जडणघडणीची एवढी लांबलचक माहिती ओतते, की नवखा माणूस पडद्याकडे पाहणेच सोडून देतो. महत्त्वाची सूचना गर्दीत उभी केली, तर ती दिली असे म्हणता येईल. पोचली असे म्हणता येणार नाही.

जागेचा हा खेळ तुकडा कापतानाही चालतो. ‘-एसएस’ म्हणजे कोठून सुरू करायचे, ‘-टी’ म्हणजे किती वेळ घ्यायचे आणि ‘-टीओ’ म्हणजे कोठपर्यंत. साठाव्या सेकंदापासून नव्वदाव्यापर्यंतचा भाग हवा म्हणून ‘-एसएस ६०’ मूळ फाइलच्या आधी आणि ‘-टीओ ९०’ नंतर लिहिले, तर ३० ऐवजी ९० सेकंदांचा तुकडा मिळतो. कारण आधी लिहिलेल्या ‘-एसएस’मुळे घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू झालेले असते. तर्काने पाहता यात चूक नाही. पण ‘पर्यंत’ या शब्दाचा अर्थ वाक्यातल्या दुसऱ्या शब्दाच्या जागेवर अवलंबून असावा, ही भाषा म्हणून वाईट रचना आहे. त्यात ‘-सी कॉपी’ म्हणजे ‘पुन्हा संकेतन न करता जसेच्या तसे घे’ हा पर्याय जोडला, तर आणखी एक अडचण येते. दाबलेल्या चित्रफितीत पूर्ण चित्रे मधूनमधूनच साठवलेली असतात, बाकी फ्रेममध्ये केवळ फरक नोंदलेले असतात. एक्स२६४ या प्रचलित संकेतकात दोन पूर्ण चित्रांमध्ये, काही वेगळे सांगितले नाही तर, २५० फ्रेमपर्यंत अंतर पडू शकते. म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम असतील तर १० सेकंद. कापणी अलीकडच्या पूर्ण चित्रापाशीच होते. मग काही प्लेअर तो जादा भाग लपवतात आणि काही दाखवतात.

प्रतीच्या आकड्यांची गत याहून गमतीची आहे. ध्वनीची प्रत ठरवण्यासाठी एफएफएमपेगमध्ये ‘-क्यू’ हा पर्याय आहे. एमपी३ करताना ० म्हणजे उत्तम आणि ९ म्हणजे निकृष्ट. व्हॉर्बिस या प्रकारात तीच मोजपट्टी उलटी: १० म्हणजे उत्तम. तेव्हा ‘-क्यू ९’ लिहून एकाला जवळजवळ सर्वोत्तम ध्वनी मिळेल आणि दुसऱ्याला सर्वांत वाईट. चित्राचेही तसेच. एक्स२६४ मध्ये ‘सीआरएफ’चा गृहीत आकडा २३, तर एक्स२६५ मध्ये २८, आणि दोन्हींतला २३ एकसारखा नव्हे. यावर बचाव असा करता येईल, की हे संकेतक वेगवेगळ्या मंडळींनी लिहिले आणि एफएफएमपेग त्यांचे आकडे केवळ पुढे पोचवते. बचाव खरा आहे, पण दुकानाच्या पाटीवर एकच नाव लावायचे आणि आत प्रत्येक फळीवर वेगळा तराजू ठेवायचा, याला गिऱ्हाईक नावे ठेवणारच.

न लिहिलेल्या पर्यायांचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. फाइलचे नाव एमपी४ असे दिले आणि संकेतक सांगितला नाही, तर एफएफएमपेग स्वतः निवड करते. त्या संगणकावरील प्रतीत एक्स२६४ समाविष्ट असेल तर ते. नसेल तर जुना एमपेग-४. म्हणजे तीच ओळ दोन संगणकांवर दोन वेगळ्या जातीच्या फाइली देऊ शकते. पुनरावृत्तीचा जो गुण आपण सुरुवातीला पाहिला, तो येथे निसटतो.

सॉक्सचे व्याकरण मला अधिक शिस्तीचे वाटते. फाइलच्या स्वरूपाविषयीचे पर्याय त्या त्या फाइलच्या आधी, आणि ध्वनीवरचे सर्व संस्कार शेवटी, ज्या क्रमाने लिहिले त्याच क्रमाने घडणारे. ‘ट्रिम १० ५’ म्हणजे दहाव्या सेकंदापासून पाच सेकंद; ‘ट्रिम १० =१५’ म्हणजे दहापासून पंधरापर्यंत. ‘किती’ आणि ‘कोठपर्यंत’ यांतला भेद एका बरोबरच्या चिन्हाने सांगितला आहे. २४ बिटांचा ध्वनी १६ बिटांवर आणताना सॉक्स आपणहून अतिशय मंद खरखर मिसळते, कारण आकडे नुसते छाटले तर ध्वनीत वेगळीच विकृती येते. खरखर यादृच्छिक आकड्यांतून येते खरी, पण मूळ वर्तनात त्या आकड्यांचे बीज स्थिर ठेवलेले असते, म्हणून तीच आज्ञा पुन्हा दिली तर तीच फाइल मिळते. प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाने विचार केल्याची ही खूण आहे.

आणि याच सॉक्समध्ये एक अक्षम्य गोष्ट आहे. त्याच नावाची फाइल आधीपासून असेल तर ते काही न विचारता तिच्यावर नवी लिहिते. दोन फाइली ऐकण्यासाठी ‘प्ले’ लिहायचे आणि सवयीने ‘सॉक्स’ लिहिले गेले, तर दुसरी फाइल गेलीच. हा धोका सॉक्सच्या पुस्तिकेतच दिला आहे आणि ‘नो-क्लॉबर’ हा संरक्षक पर्याय वापरावा अशी शिफारसही आहे. मग तोच मूळ वर्तन का केला नाही? गावातल्या एखाद्या वृद्ध ओवीगायिकेचे एकुलते एक ध्वनिमुद्रण घेऊन बसलेल्या शिक्षकाला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. एफएफएमपेग याबाबत शहाणे आहे. ते आधी विचारते. सॉक्सची १४.४.२ ही आवृत्ती २०१५ ची, आणि मूळ प्रकल्पाचे काम त्यानंतर थंडावले, त्यामुळे तेथे लवकर सुधारणा होईल अशी आशा करवत नाही.

दोन्हींच्या पुस्तिका पर्यायांच्या कोशासारख्या आहेत. एफएफएमपेगच्या पुस्तिकेत क्रम महत्त्वाचा असल्याचे सांगितले आहे, पण ते एवढ्या मोठ्या ग्रंथात दोन-चार वाक्यांत. परिणामी लोक कोठून तरी तयार ओळ उचलतात आणि मंत्रासारखी म्हणतात. ती चालली की अर्थ विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. विज्ञानाच्या वर्गात तरी असे होऊ नये.

चेंडूच्या प्रयोगापुरते म्हणाल, तर ‘-आर’ मुळीच लिहू नये; मोबाइलने नोंदलेल्या वेळाच राहू द्याव्यात. संकेतक आणि प्रत दोन्ही स्पष्ट लिहावीत, ‘-एसएस’बरोबर ‘-टीओ’ ऐवजी ‘-टी’ वापरावा आणि रूपांतराआधी व नंतर एफएफप्रोब हे जोडसाधन चालवून कालावधी आणि फ्रेमचा दर ताडून पाहावा. ती संपूर्ण ओळ, साधनाच्या आवृत्तीसह, मुलांनी प्रयोगवहीत ‘साहित्य व कृती’खाली लिहावी. आणखी एक उपाय अगदी स्वस्त आहे. चित्रण करताना चौकटीच्या कोपऱ्यात सेकंदाचा शंभरावा भाग दाखवणारे एखादे घड्याळ चालू ठेवावे. रूपांतरित फितीत त्यावरचे आकडे फ्रेमगणिक वाचून पाहिले, की कोणत्या ओळीने काय केले ते नववीतला विद्यार्थीही सांगू शकेल.