फिरंग तलवारीची घडण : मूल्यमापनाचा एक प्रश्न

प्रस्तावना :
ऐतिहासिक तलवारींविषयीचे मराठी लेखन बहुतांशी त्यांच्या धन्यांविषयीचे असते. तलवार कोणाची, ती कोणत्या लढाईत होती आणि आज कोठे आहे, या प्रश्नांपाशी चर्चा थांबते. घडणीचा विचार क्वचितच होतो. नागपूरकर पहिले रघुजी भोसले यांच्या तलवारीच्या निमित्ताने या दृष्टीची मर्यादा तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
एप्रिल २०२५ मध्ये लंडन येथील लिलावातून महाराष्ट्र शासनाने ही तलवार मिळविली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिचे पाते सरळ, एकधारी व युरोपीय बनावटीचे आहे. मूठ मुल्हेरी घाटाची असून तीवर सोन्याची कोफ्तगरी आहे. पात्याच्या पाठीवरील देवनागरी लेखाच्या अखेरीस 'फिरंग' हा शब्द येतो.

पाते परदेशी, म्हणजे कारागिरीही उसनी, असा आक्षेप येथे संभवतो. मात्र तो टिकणारा नाही. मुशीत तयार होणाऱ्या दक्षिण भारतीय वूट्झ पोलादाचे पृथक्करण करण्यास १८१९ मध्ये फॅरडेसारखा शास्त्रज्ञ प्रवृत्त झाला होता. हे पोलाद घडविताना ताप मर्यादेबाहेर गेला तर पात्यावरील जौहर, म्हणजे लहरींसारखी नक्षी, नष्ट होते. असे ज्ञान असणाऱ्या प्रदेशात परदेशी पाते स्वीकारले गेले, ही अज्ञानाची खूण मानता येत नाही. तो पारखून केलेला स्वीकार होय.

परदेशी पाते आणि देशी मूठ यांचा सांधा हीच फिरंगेच्या घडणीतील खरी कसोटी आहे. भारतीय तलवारीत पात्याचे शेपूट पोकळ मुठीत घालून तापविलेल्या राळेने पक्के करीत. लांब सरळ पात्याचा ताण या सांध्यावर येतो. म्हणून खंड्याच्या घाटाची मूठ असलेल्या फिरंगांत मुठीच्या पट्ट्या पात्यावर पुढे नेऊन रिवेटांनी जखडलेल्या आढळतात. मोगऱ्यावरील दांडीमुळे दुसऱ्या हाताचीही पकड मिळते. हे कौशल्य नक्षीइतके चटकन नजरेत भरत नाही. शस्त्राची उपयुक्तता मात्र त्यावरच अवलंबून असते.

निष्कर्ष :
तलवार ही लोहार, शिकलगार, कोफ्तगार व म्यान करणारा यांची संयुक्त निर्मिती आहे. तिच्या नोंदीत धन्याच्या नावाबरोबरच पात्याचे मूळ, सांध्याची पद्धत व नंतरच्या दुरुस्त्या यांनाही स्थान मिळावयास हवे. 'फिरंग' हा शब्द सोन्यात उमटविणाऱ्यांना पात्याचे परकेपण लपवावेसे वाटले नाही. समीक्षकानेही त्याचा संकोच बाळगण्याचे कारण नाही.