३-२-१ मधला कच्चा ‘१’

बॅकअपचा ३-२-१ नियम तुम्ही ऐकला असेलच: तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत घराबाहेर. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तो रूढ केला. सुटसुटीत आहे, पण शेवटचा ‘१’ फार मोघम. घराबाहेर म्हणजे नक्की कुठे? समजा तुम्ही डोंबिवलीत तळमजल्यावर राहता आणि हार्ड डिस्क कल्याणला मावशीकडे, तीही तळमजल्यावर. नियमाप्रमाणे पास! आता २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. इकडे उल्हास नदी फुगली आणि कल्याण-डोंबिवलीपासून बदलापूरपर्यंत सखल वस्त्यांत पाणी शिरलं. दोन्ही प्रती एकाच पुरात गेल्या असत्या. तेव्हा किलोमीटर मोजू नका, दोन्ही प्रती एकाच संकटात सापडतील का ते बघा.

गूगल ड्राइव्हवर सिंक केलं की झालं, असंही नाही. लॅपटॉपवर प्रकरण चुकून पुसलं की तिथूनही जातं. ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतं, बस. गाईडने दीड महिन्याने मागितलं तर?

आणि ‘उघडून बघा’ हे तर नियमात कुठेच नाही. माझ्या मुलाखतींच्या फाइल्स कॉपी झाल्या होत्या खऱ्या, पण त्यातल्या अकरा वाजल्याच नाहीत. कळलं सहा महिन्यांनी. तोवर रेकॉर्डरमधलं मूळ मीच पुसून टाकलं होतं.